बेखेरोव्का घरी आणली, आता तिचं करायचं काय? नवख्यांसाठी पहिल्यापासून

चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरात राहायला आले त्या पहिल्याच हिवाळ्यात शेजारच्या आजींनी दार वाजवून आत बोलावलं, फ्रीझरमधून एक चपटी हिरवी बाटली काढली, दोन बारके ग्लास भरले, ग्लास बघता बघता बाहेरून पांढुरके झाले, आणि माझ्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, ना झ्द्रावी, म्हणजे आपलं चिअर्स. पहिल्या घोटाला मला थेट सांगलीच्या घरातला मसाल्याचा डबा आठवला. लवंग, दालचिनी, मागून संत्र्याच्या सालीसारखा हलका कडवटपणा, आणि मग छातीत उतरणारी ऊब. त्यांनी सांगितलं हिला बेखेरोव्का म्हणतात, वनस्पती आणि मसाल्यांची चेक दारू. स्पेलिंग बघून आपण बेचेरोव्का म्हणतो पण चेक भाषेत ch ही दोन अक्षरं ख सारखी बोलतात, दुकानात मागताना ख म्हणा, लगेच कळतं.

दुसऱ्याच आठवड्यात मी स्वतःची बाटली आणली आणि कॉकटेल करायला घेतलं, आणि नेटवरच्या नेहमीच्या रेसिपीत जिन काढून ही घालायची असं करत करत अर्धी बाटली वाया घालवली. एक पेय खोकल्याच्या औषधासारखं, दुसरं नुसतं गोडमिट्ट, तिसरं इतकं कडू की सिंकमध्ये ओतलं. नंतर दोन वर्षं वही ठेवून नीट प्रयोग केले तेव्हा हिचं वागणं समजलं. प्राग, ब्रनोकडे आता बरीच मराठी मंडळी नोकरीला येतात आणि प्रत्येकाच्या घरात ही भेट आलेली बाटली न उघडता पडलेली असते, त्यांच्यासाठी हे सगळं लिहितेय.

एकच गोष्ट डोक्यात ठेवलीत तरी निम्मं काम होतं. ही बाटली म्हणजे दारू, साखर आणि मसाला असं तिन्ही एकत्र आहे. त्यामुळे ही ज्या पेयात जाते तिथली साखर कमी करावी लागते, दुसरा मसाला जवळजवळ बंद करावा लागतो आणि आंबट वाढवावं लागतं. पुढचं सगळं याच हिशोबावर आहे.

आधी थोडं तिच्याबद्दल

ही कार्लोवी वारीची, म्हणजे जर्मन लोक ज्याला कार्ल्सबाद म्हणायचे त्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावची. तिथे योसेफ बेखर नावाचा व्यापारी होता, त्याच्याकडे १८०५ मध्ये फ्रोब्रिग नावाचा एक इंग्लिश डॉक्टर उतरला होता, दोघांनी वनस्पती आणि मसाले घेऊन बरीच खटपट केली आणि १८०७ पासून बेखरने ती विकायला सुरुवात केली, तेव्हा ती पोटासाठीचे थेंब म्हणून विकली जायची. पुढे त्याच्या मुलाने, यानने, धंदा वाढवला, बाटलीवर अजून त्याचंच नाव असतं. वीसहून जास्त वनस्पती आणि मसाले आहेत असं सांगतात आणि कृती गुप्त आहे. गावात बारा झरे मोजतात आणि लोक हिला प्रेमाने तेरावा झरा म्हणतात. मी गेले होते तेव्हा ते चोच असलेले चिनी मातीचे पेले घेऊन सगळे झऱ्यांवर फिरत होते, पाणी गरम, खारट, लोखंडासारखं लागतं, सगळ्यात मोठ्या झऱ्याचं पाणी तर ७३ अंशांच्या आसपास असतं, आणि ते दोन घोट घेतल्यावर बेखेरोव्काचा गोड मसाला जिभेला का हवासा वाटत असेल हे तिथेच कळलं.

काय काय लागेल

– बेखेरोव्का, मूळची, लेबलवर ३८ टक्के लिहिलेली
– मिलीचं माप. २० आणि ४० मिलीच्या खुणा असलेलं सगळ्यात सोयीचं, कारण चेकमध्ये छोटा पानाक, म्हणजे पेग, २० मिली आणि मोठा ४०. माप नसेल तर किचनचा वजनकाटा चालतो
– शेकर, नाहीतर घट्ट झाकणाची काचेची बरणी. मी पहिलं वर्षभर लोणच्याच्या रिकाम्या बरणीत केलं, फक्त ती बरणी नीट उकळून घ्या, लोणच्याचा वास हट्टी असतो
– चहाची गाळणी
– भरपूर बर्फ, फ्रीझरमधून तेव्हाच काढलेला
– लिंबं, टॉनिक वॉटर (कडसर चवीचा सोडा, औषधाचं टॉनिक नव्हे), साधा सोडा, साधं सफरचंदाचं ज्यूस
– साखरेचा पाक: साखर आणि गरम पाणी समसमान, ढवळून गार केलेला. फ्रीजमध्ये दोनेक आठवडे टिकतो
– वही आणि पेन, मोबाईलवर लिहिलं तरी चालेल पण लिहाच

लिंबाबद्दल एक. चेकमध्ये दुकानात त्सित्रोन म्हणून मिळतं ते मोठं पिवळं, कमी तिखट वासाचं. आपल्या कागदी लिंबाच्या जवळ जाणारं ते हिरवं, लिमेत्का. बेखेरोव्काला बहुतेक ठिकाणी पिवळं जास्त शोभतं, सालीत तेल भरपूर असतं म्हणून. भारतात करत असाल तर कागदी लिंबू वापरा पण रस थोडा कमी घाला, ते जास्त आंबट असतं.

१. बाटली नीट बघून घ्या

सुपरमार्केटमध्ये लिहोविनी, म्हणजे कडक दारू, असं लिहिलेल्या फळीवर ती सापडते. सारख्याच रंगाच्या, सारख्याच आकाराच्या अजून दोनतीन बाटल्या बाजूला असतात, तिथे गडबड होते. लेमोंड म्हणून जी आहे ती लिंबाच्या चवीची आणि २० टक्क्यांची, पुढच्या रेसिपींना ती चालणार नाही, सगळं पातळ आणि गोड होईल. कोर्डियाल वेगळी, तिच्यात लिंडनच्या फुलांची चव असते. आपल्याला साधी, पिवळसर द्रवाची, ३८ वाली पाहिजे.

दुसरी गडबड तुझेमाकची. नवीन माणूस स्वस्त रम म्हणून ही बाटली उचलतो. ती ऊसाची रम नाहीये, बटाट्याच्या किंवा बीटच्या स्पिरिटला रमचा वास आणि रंग दिलेला असतो, आणि चेक प्रजासत्ताक युरोपियन युनियनमध्ये गेल्यावर तिला रम म्हणायलाच बंदी आली. ख्रिसमसच्या बिस्किटांत तिथले लोक आवडीने घालतात, तिथे ती छान लागते, पण बेखेरोव्काबरोबर कॉकटेलमध्ये तिचा तो एसेन्सचा वास वर येतो.

आणि हे मात्र अगदी मनापासून सांगते, बाटली फक्त सीलबंद घ्या, झाकणावरून गेलेली सरकारी कराची पट्टी, तिला कोलेक म्हणतात, ती फाटलेली असेल तर घेऊ नका. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये चेकमध्ये भेसळीच्या दारूतल्या मिथेनॉलने चाळीसहून जास्त माणसं गेली, सरकारला २० टक्क्यांच्या वरच्या सगळ्या दारूची विक्री काही दिवस बंद करावी लागली. आपल्याकडे २०१५ मध्ये मालवणीत शंभरच्या वर लोक गेले ते अजून कुणी विसरलं नसेल. मिथेनॉल वासावरून, चवीवरून ओळखू येत नाही. कुणाच्या ओळखीतली, प्लास्टिकच्या बाटलीतली, बाजारातल्या टेबलावरची, काहीही नको.

२. आधी नुसती चाखा, तीन वेळा

कॉकटेल करायच्या आधी हे करा, मी केलं नव्हतं म्हणून इतकं फुकट गेलं. तीन छोट्या ग्लासांत प्रत्येकी फक्त १० मिली घ्या. एक फ्रीझरमधल्या बाटलीतून, एक खोलीच्या तापमानाची, आणि एक खोलीच्याच तापमानाची पण त्यात १० मिली पाणी घालून.

गारठलेली घोटभर घ्या: गोडी आणि आल्यासारखी हलकी झणझण पुढे येते, कडूपणा लपतो. खोलीतल्या तापमानाची घ्या: आता दारू नाकात चढते, दालचिनी आणि लवंग दोन्ही मोठ्याने बोलतात. पाणी घातलेली घ्या: इथे खरी गंमत आहे, दारूचा झटका कमी झाल्यावर मागचा कडवटपणा, सालीचा वास, थोडं बडीशेपेसारखं काहीतरी असं एकेक सुटं होऊन कळायला लागतं. कॉकटेलमध्ये बर्फ वितळून पाणी मिसळतंच, म्हणजे तुमच्या पेयात जी चव येणार ती या तिसऱ्या ग्लासातली. तिसऱ्या ग्लासात जे आवडलं नाही ते पेयातही आवडणार नाही, ते कशाने झाकायचं हे आत्ताच वहीत लिहून ठेवा. मला लवंग जास्त वाटली होती, म्हणून मी सगळीकडे लिंबाची साल वाढवते.

घरच्या फ्रीझरमध्ये ती गोठत नाही, फक्त थोडी दाटसर होते, घाबरू नका. नुसती प्यायची तर गारच चांगली, पण कॉकटेलसाठी बाहेरची वापरा नाहीतर बर्फ पुरेसा वितळत नाही आणि पेय जड लागतं. हे मला फार उशिरा कळलं.

३. पहिलं कॉकटेल: बेतोन

सगळ्यात सोपं, आणि हे बिघडवणं अवघड. बेखेरोव्काचं बे आणि टॉनिकचं तोन, बेतोन, चेकमध्ये त्याचा अर्थ काँक्रीट. १९६७ च्या माँट्रियलच्या जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाच्या दालनात हे दिलं गेलं आणि तिथून ते पसरलं.

उंच ग्लास बर्फाने काठोकाठ भरा, ४० मिली बेखेरोव्का, मग ग्लास तिरका धरून कडेकडेने १०० ते १२० मिली गार टॉनिक. चमचा तळापर्यंत नेऊन एकदाच वर उचला, ढवळत बसू नका, गॅस जातो. शेवटी पिवळ्या लिंबाच्या सालीची बोटभर पट्टी घ्या, पांढरा भाग शक्य तितका कमी, ती ग्लासाच्या तोंडावर धरून पिवळी बाजू खाली करून दोन्ही हातांनी पिळा. उजेडाकडे बघितलंत तर तेलाचा बारीक फवारा उडताना दिसतो आणि पेयावर चकचकीत ठिपके तरंगतात. ती पट्टी ग्लासाच्या कडेला फिरवून आत टाका. पहिला वास लिंबाचा, मग मसाल्याचा, असा क्रम लागतो, साल नसेल तर हेच पेय निम्मं वाटतं.

इथे होणाऱ्या चुका: बर्फ दोनच खडे टाकले तर ते लगेच वितळतात, पेय पाणचट होतं, भरपूर बर्फ उलट हळू वितळतो. काल उघडलेलं टॉनिक वापरू नका. टॉनिकमध्येही साखर असते, त्यामुळे पाक अजिबात नको. गोड आवडत नसेल तर अर्धं टॉनिक, अर्धा सोडा. मला आता असंच आवडतं.

पहिले चार दिवस, म्हणजे चार वेगवेगळ्या संध्याकाळी, फक्त बेतोनच करा. एकदा ३० मिली, एकदा ४०, एकदा सालीऐवजी रस. एकाच पेयात छोटे बदल करून जीभ तयार होते.

४. आंबट घालायला शिका

मी सगळ्यात जास्त ज्यात फसले आणि सगळ्यात जास्त ज्यातून शिकले ते हे. साधारण आंबट कॉकटेलचं गणित असं असतं की दारू ६०, लिंबू ३०, पाक ३०. तेच बेखेरोव्काला लावलं की खोकल्याचं औषध तयार. कारण पाकाची जागा तिने स्वतःच अर्धी भरलेली असते.

बेखेरोव्का ४० मिली, पिवळ्या लिंबाचा ताजा रस २५ मिली, पाक ५ मिली. इथे थांबा, चमच्याने चाखा, लागला तर अजून ५. दहाच्या पुढे मला कधी लागला नाही. बर्फाशिवाय आधी चाखताना ते थोडं जास्तच आंबट वाटलं पाहिजे, बर्फाने चव मऊ होते.

वरचा फेस हवा असेल तर बरेच लोक अंड्याचा पांढरा भाग घालतात. आमच्याकडे सासूबाई आल्या होत्या, त्या अंडं खात नाहीत, तेव्हा मी छोल्याच्या डब्यातलं पाणी वापरलं, २० मिली, आणि तेव्हापासून तेच वापरते. मीठ न घातलेले छोले बघून घ्या. आधी सगळं बर्फाशिवाय वीस सेकंद जोरात हलवायचं म्हणजे फेस धरतो, मग बर्फ घालून अजून बारा पंधरा सेकंद, बरणी हाताला झोंबेल इतकी गार झाली की थांबायचं, गाळणीतून ओतायचं. छोल्याचा वास येईल अशी भीती वाटते पण लिंबू आणि लवंग यांच्यापुढे तो टिकत नाही. सासूबाईंसाठी तोच फेस मी सफरचंदाच्या ज्यूस आणि लिंबावर करून दिला, दारूशिवाय, त्यांना तो दिसायला फार आवडला.

बाटलीतला लिंबाचा रस वापरू नका. एवढंच.

५. सफरचंद, थंडीत गरम

चेकमध्ये शरद ऋतूत सगळीकडे मोश्त मिळतो, म्हणजे ताज्या सफरचंदांचा दाबून काढलेला गढूळ रस, साखर न घातलेला. दालचिनी आणि सफरचंदाचं जमतं हे आपल्याला माहीतच आहे, बाटलीत दालचिनी आधीच आहे, त्यामुळे काही करावंच लागत नाही. गार हवं तर बर्फावर ४० मिली बेखेरोव्का, १२० मिली मोश्त, लिंबाची फोड पिळून.

गरम करायचं तर १५० मिली मोश्त पातेल्यात वाफा येईपर्यंत तापवा, उकळू नका, गॅस बंद करा, मग कपात ३० मिली बेखेरोव्का घेऊन त्यावर ओता. दारू ७८ अंशांना उकळते, त्यामुळे उकळत्या पातेल्यात घातलीत तर ती आणि तिच्याबरोबरचा वास दोन्ही किचनमध्ये जातात आणि कपात कडूपणा राहतो, शिवाय पेटत्या गॅसच्या वर दारूची बाटली धरणं धोक्याचं आहे. दालचिनीची काडी, लवंग, वेलची यातलं काहीही घालू नका. मला माहितीये हात जातो, आपल्याला गरम म्हटलं की चहाचा मसाला आठवतो, पण इथे मसाल्यावर मसाला पडला की जीभ बधिर होते. आल्याची एक पातळ चकती चालते, बस.

६. दुसऱ्या दारूबरोबर: आता ती चमच्याने

इथपर्यंत ती पेयातली मुख्य होती. आता उलट करायचं. मुख्य दुसरी आणि ही १० मिली, फोडणीतल्या हिंगासारखी, कळली पाहिजे पण दिसली नाही पाहिजे.

माझं सगळ्यात आवडतं यातलं ओल्ड मंकबरोबरचं आहे. पुण्याहून येणारं कुणीतरी घेऊन येतं. ओल्ड मंक ५० मिली, बेखेरोव्का १० मिली, मोठ्या बर्फाच्या तुकड्यावर अर्धा मिनिट ढवळायचं, हलवायचं नाही, आणि वर संत्र्याची साल पिळायची. त्या रमला स्वतःचा व्हॅनिलासारखा गोड वास आहे, त्याला दालचिनीची जोड मिळते. साखर शून्य. पहिल्यांदा मी १० ऐवजी २० घातली होती तर रम कुठे गेली तेच कळेना, पाचपाच मिलीने किती फरक पडतो ते त्या दिवशी कळलं.

जिनबरोबर जरा जपून. जिनमध्येही वनस्पतींचाच वास असतो, साधी, जुनिपरची चव जास्त असलेली जिन घ्या, फुलाफळांची नको. जिन ३०, बेखेरोव्का १५, लिंबू २०, पाक १०, बर्फात हलवून. व्हिस्की हवी असेल तर धुराच्या वासाची टाळा, धूर आणि लवंग एकत्र आले की दाताच्या दवाखान्याची आठवण होते. गोव्याहून आणलेल्या काजू फेणीबरोबरही करून बघितलं, दोघींचा वास इतका मोठा की एकमेकींना बोलूच देत नाहीत, तो नाद मी सोडला. फेणी लिंबू-सोड्याबरोबरच छान.

येगरमाइस्टर किंवा फेर्नेट घरात आहे, बेखेरोव्काऐवजी तीच मापाने घालू का असं बरेच जण विचारतात. नका घालू. येगरमाइस्टर ३५ टक्क्यांची आणि चवीला जास्त गडद, ज्येष्ठमधाकडे झुकणारी, फेर्नेट तर सरळ कडू. सगळ्या वनस्पतींच्या दारू सारख्या नसतात, प्रत्येकीचं आंबट-गोड वेगळं बसवावं लागतं.

७. स्वतःचा प्रयोग: कोकमाचं उदाहरण

इथे खरा आनंद आहे. मी कसा केला ते जसंच्या तसं सांगते, पद्धत कळेल.

आईने पाठवलेली आमसुलं घरात होती. आंबट पाहिजे आणि लिंबाहून वेगळं पाहिजे म्हणून कोकम. सात आमसुलं धुऊन १०० मिली कडक गरम पाण्यात अर्धा तास ठेवली, हाताने कुस्करली, गाळली. रंग गडद जांभळट लाल येतो. आगळ वापरायचं नाही, त्यात मीठ खूप असतं, मी तेच आधी वापरलं होतं आणि पेय समुद्राच्या पाण्यासारखं झालं. आमसुलांनाही मीठ असू शकतं, म्हणून धुवायची.

मग सगळं निम्म्या मापात, २० मिली बेखेरोव्का धरून, म्हणजे फसलं तर थोडंच जातं. पहिली खेप: कोकमाचं पाणी २०, पाक ५, सोडा ६०. वहीत लिहिलं, कोकम कळत नाही. दुसरी: फक्त कोकम ४० केलं, बाकी तेच. आंबट बसलं पण शेवट कोरडा. तिसरी: पाकाच्या जागी गुळाचा पाक ५. इथे ते जमलं, गुळाने लवंगेला धरून घेतलं. चौथीत मी भाजलेल्या जिऱ्याची पूड घातली, कोकम सरबताच्या सवयीने, आणि ते परत बिघडलं, मसाल्यावर मसाला. पाचवीत जिरं काढून काळ्या मिठाचा अगदी दोन बोटांत मावेल त्याच्या निम्मा कण. पाचवी ठरली. आणि या पाच खेपा तीन संध्याकाळींत केल्या, एका बैठकीत नाही, दोन चाखण्यांनंतर जीभ खोटं बोलायला लागते.

तर पद्धत एवढीच: एका वेळी एकच गोष्ट बदला, निम्म्या मापात करा, चमच्याने चाखा, प्रत्येक खेपेनंतर लगेच एक ओळ लिहा, मधे साधं पाणी आणि एखादं बिस्कीट घ्या. जमलं की दुसऱ्या दिवशी पूर्ण मापात करून परत बघा, दुसऱ्या दिवशीही आवडलं तरच पाहुण्यांना द्या.

अजून करून बघण्यासारखं: गवती चहाचा गार काढा आणि लिंबू, भाजलेल्या कैरीचा गर पण वेलची न घालता, अननसाचा रस. दूध, साय, नारळाचं दूध मात्र लिंबाबरोबर नको, फाटतं. सोलकढीत घालून बघायचा मोह मलाही झाला होता, नाही केलं, सोलकढी आहे तशीच राहू द्या.

८. पिण्याचा हिशोब

गोड आणि मसालेदार असल्यामुळे ती हलकी वाटते, पण ४० मिलीमध्ये शुद्ध अल्कोहोल १५ मिली म्हणजे साधारण १२ ग्रॅम जातं. जिन ३० आणि बेखेरोव्का १५ वालं पेय चवीला सरबत वाटलं तरी त्यात १७ मिलीच्या वर आहे. मी पाहुण्यांना दोनच्या वर करत नाही आणि प्रत्येकाला बाजूला पाण्याचा ग्लास असतो.

चेकमध्ये गाडी चालवताना शून्य, अगदी एका बेतोननंतरही नाही, आणि सायकललाही तोच नियम. रात्री उशिरापर्यंत बसलात तर सकाळीही अंगात असू शकतं.

पोटासाठीचे थेंब म्हणून ती सुरू झाली म्हणून लोक जेवणानंतर औषध म्हणून घ्यायला सांगतात, तिथल्या आजीआजोबांकडून हे हमखास ऐकाल, तो त्यांचा जुना रिवाज आहे पण ती दारू आहे, औषध नाही. पित्ताचा, लिव्हरचा त्रास असेल, गोळ्या चालू असतील, गरोदर असाल तर नको. आणि आपल्याकडे सर्दीला लहान मुलांना चमचाभर ब्रँडी चोळायची, पाजायची जी सवय काही घरांत आहे, तसं हिचं कृपा करून कधीही करू नका.

९. घरी भारतात नेताना

चेकमध्ये १८ वर्षांचं वय लागतं, महाराष्ट्रात अशा दारूसाठी २५ आणि शिवाय परवाना, तो नातेवाइकांकडे आहे का हे आधी विचारा. विमानातून येताना भारतात माणशी दोन लिटरपर्यंत दारू करमुक्त आणता येते. केबिन बॅगमध्ये बहुतेक विमानतळांवर १०० मिलीच्या वर द्रव चालत नाही, त्यामुळे बाटली चेक-इनमध्ये टाका, किंवा विमानतळावरच्या ड्यूटी फ्रीमधून सील केलेल्या पिशवीत घ्या आणि ती पिशवी घरी पोचेपर्यंत फोडू नका, मधल्या विमानतळावर परत तपासणी असते. पुढचा प्रवास गुजरात किंवा बिहारमध्ये असेल तर नेऊच नका, तिथे दारूबंदी आहे.

चपटी बाटली असल्यामुळे सुटकेसमध्ये ती छान बसते पण कोपऱ्यात ठेवू नका, मधे, कपड्यांच्या घडीत. मी झाकणावर क्लिंग फिल्मचे तीन वेढे देते, मग झिपवाली पिशवी, मग टॉवेल. उघडी बाटली नेऊ नका. आणि बरोबर वहीतलं ते कोकमाचं पान फोटो काढून पाठवा, आमसुलं तिकडे ताजी मिळतात.